चौथ्या कडव्याची जागा

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले, सकाळी स्कूटीची सीट दवानं ओली सापडू लागली आणि नांदुऱ्याच्या रस्त्यावर कापसानं फुगलेल्या गाड्या दिसायला लागल्या, की माझ्या बोटांची टोकं आपोआप चुरचुरतात. खरं तर मनापासून कापूस वेचून मला बरीच वर्षं झाली. आता मी नांदुऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. बोटांना लागतो तो खडू. पण पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बोंडाची वाळलेली टोकं एकदा नखाच्या कडेला शिरली, की ती आठवण कायमची तिथंच मुक्कामाला राहते. कापूस मऊ असतो असं म्हणणाऱ्यानं तो दुकानातच पाहिलेला असतो.

यंदा मात्र बोटं चुरचुरली ती दुसऱ्याच कारणानं. नऊ वर्षांनी सगुणाचा नवा अल्बम येणार होता.

सगुणा म्हणजे आमची सगुणा. आडनाव ती लावत नाही, आम्हीही विचारत नाही. संग्रामपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. गाणी स्वतः लिहिते, चाल स्वतः लावते, पेटी घेऊन स्वतःच गाते. शेजारी तिचा भाऊ डफडं घेऊन बसतो. आणि गाते आमच्या बोलीत. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ हे शब्द गाण्यात येऊ शकतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणीही आणू शकतात, हे मला तिच्यामुळे कळलं. त्याआधी माझी समजूत होती की ते फक्त नाटकातल्या गड्याला हसं मिळवून देण्यासाठी असतात. मध्ये तिचा घसा बिघडला, कार्यक्रम बंद झाले, कुणी म्हणालं आता ती गाणारच नाही. ती नऊ वर्षं मी तिची जुनी तेवीस गाणी फिरवून फिरवून ऐकत काढली. तेवीस हा आकडा अंदाजे नाही.

माझा एक नियम आहे. सगुणाचं गाणं सुरू झालं की मध्ये थांबवायचं नाही. दूध उतू गेलं तर जाऊ द्यायचं, फोन वाजला तर वाजू द्यायचा. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात नवऱ्यानं काहीतरी विचारण्यासाठी गाणं बंद केलं होतं. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. तेव्हापासून तोही बिचारा कडवं संपेपर्यंत दारात उभा राहतो.

अल्बम शुक्रवारी सकाळी सहाला येणार होता. मी साडेपाचपासून ओट्यापाशी मोबाइल उभा करून बसले. “गाणं व्हय का बारावीचा निकाल?” नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, “निकालाच्या दिवशी मी झोपले होते.” आणि ते खरं आहे.

सहा वाजून दोन मिनिटांनी नाव दिसलं. ‘पहिला वेचा’. आठ गाणी. मी उगाच दोन्ही हात पदराला पुसले. पहिल्या गाण्यात सुरुवातीला पेटी नाहीच, नुसतं डफडं, आणि मग तिचा श्वास, आणि मग ती. आवाज बदललाय!  खाली उतरलाय, जरा खरखरीत झालाय. पूर्वी ती गच्चीवरून हाक मारल्यासारखी गायची, आता शेजारी बसून बोलल्यासारखी गाते. एक कडवं गेलं, दुसरं आलं, आणि मला कळलं की मी गॅससमोर उभी राहून एकटीच मान डोलावते आहे, हसते आहे, आणि दूध नियमाप्रमाणे उतू गेलं आहे. बाई परत आली होती. नऊ वर्षं कुठं जाऊन बसली होती कोण जाणे, पण आली होती, आणि येताना रिकाम्या हातानं आली नव्हती.

आठही गाणी एका दमात ऐकायची नाहीत असं मी ठरवलं होतं. अनरसा कसा कडेकडेनं खातात, तसं. दुसरं गाणं शाळेच्या वाटेवर ऐकलं. एक बाई चाळिशीत स्कूटी शिकते आणि थेट उकिरड्यात जाते, असं ते गाणं. मी शाळेच्या फाटकातून एकटीच हसत आत आल्याचं शिपायानं पाहिलं. सासूच्या चष्म्यावरचं मधल्या सुट्टीत ऐकलं. हिवरा आश्रमाच्या उत्सवातल्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईवर एक गाणं आहे. दोघी एकमेकींचं नावही विचारत नाहीत, नुसती एकमेकींच्या पानातली पुरी संपलेली पाहून वाढणाऱ्याला हाक मारतात. ते ऐकल्यावर मी नववीच्या वर्गावर पाच मिनिटं उशिरा गेले. पोरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, मी मुकाट्यानं चूक कबूल केली.

आठवं गाणं मात्र मी मुद्दाम मागं ठेवलं होतं, कारण त्याचं नाव ओळखीचं होतं. ‘वाट पाह्यते धुरा’. नवं नव्हे, जुनंच. तिनं ते पुन्हा गायलं होतं. आणि त्या गाण्याशी माझा एक जुना, फार चांगला नसलेला हिशेब होता.

*

आमच्या शेताचा आणि काकाच्या शेताचा धुरा एकच. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वेचणीच्या दिवसांत तो बांध म्हणजे बायकांचं अर्धं घर असतं. भाकरीची फडकी तिथं, पाण्याची कळशी तिथं, लेकरू झोपवायचं तर तिथंच. सकाळी कमरेला ओटी बांधून एकेक बाई एकेक तास, म्हणजे झाडांची एक ओळ, धरते, झाडामागून झाड, दोन्ही हातांनी, आणि कुणीतरी गाणं उचलतं. गाण्याची चाल ही नुसती हौस नसते. दवानं कापूस ओला असतो तेव्हा संथ गाणं, जेवणानंतर डोळे मिटायला लागले की ठसक्याचं. कोणत्या वेळी कोणतं, हे आमच्या सुभद्राकाकूला बरोबर कळायचं. ती माझी सख्खी काकू, काकाची बायको. तिनं गाणं उचललं की दहा बायकांचे हात एका चालीत पडायचे.

सगुणाची गाणी आमच्या शेतात आली ती मेमरी कार्डातून. नांदुऱ्याच्या स्टेशनाबाहेर एक जण कार्डात गाणी भरून द्यायचा. मोबाइल रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा ठेवला की आवाज दुप्पट होतो, हा शोध आमच्या बायकांचा. तर त्या डब्यातून सगुणा गायची: लेक लग्न होऊन रेल्वेनं लांब गेली, आणि शेताचा धुरा तिची वाट पाहतो आहे.

वाट पाह्यते धुरा, बाई, वाट पाह्यते धुरा,
पदरामंधी राह्यला बाई भाकरीचा चुरा.

पण तिसरं कडवं संपतं न संपतं तोच गाणं खट्कन बंद पडायचं. गाणी भरताना त्या माणसानं वायर मध्येच ओढली असणार. मग तेच तुटकं गाणं त्यानं ज्याच्या त्याच्या कार्डात भरलं, आणि आसपासच्या दहा-पंधरा गावांत ‘वाट पाह्यते धुरा’ तिथंच तुटलेलं राहिलं. पुरं गाणं कुणी ऐकलंच नव्हतं. गाणं अर्धवट सोडणं मात्र वेचणाऱ्या बाईला जमत नाही. हातातलं झाड अर्धं सोडून पुढं जाता येत नाही तसंच. म्हणून काकूनं एक दिवस चौथं कडवं आपलं आपणच म्हटलं.

आली आली लेक माही, हाती लाल थैली,
धुरा पुसे, काऊन बाई, इतकी उशिरा आली?
बस खाली, पाणी पे, मंग बोलू जरा,
तिच्या संगं भाकर खाते माहा म्हतारा धुरा.

बायकांनी ते उचललं. पुढच्या वर्षी तर नव्या सुनांना ते गाण्यातलंच वाटायचं. डब्यातली सगुणा गप्प झाली की दहा जणी चौथं कडवं घ्यायच्या आणि गाणं धुऱ्यापर्यंत नीट पोचवायच्या.

आणि मग मी शिकले. खामगावला कॉलेजात गेले, सगुणाचे कार्यक्रम पाहिले, तिची पक्की सीडी विकत घेतली. तेव्हा मला पहिल्यांदा खरं चौथं कडवं कळलं. त्यात लेक येतच नाही. भाऊ वेगळे होतात, धुरा नांगरून टाकतात, आणि वाट पाहणाराच उरत नाही. ते ऐकून मी होस्टेलच्या पायऱ्यांवर बसून रडले होते. कडवं आहेच तसं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले. पहिल्या वेच्याचा दिवस. शेतात सीतादही झाली होती. वेचणीला हात लावण्याआधी पराटीला हळदकुंकू वाहून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती आमच्याकडची रीत. कामाला सुरुवात झाली, गाणं लागलं, तिसरं कडवं तुटलं आणि काकूनं आवाज लावला. “आली आली लेक माही...”

“काकू, थांब,” मी म्हटलं. तेही शहरातल्या मराठीत. “हे कडवं गाण्यात नाहीच आहे. तू तुझ्या मनाचं म्हणतेस. खरं वेगळं आहे, ऐक.”

आणि दहा बायकांसमोर मी माझ्या मोबाइलवर ते खरं कडवं लावलं. पूर्ण. नियमाप्रमाणे, मध्ये न थांबवता.

 मग शेजारच्या तासातली लता वहिनी म्हणाली, “असं व्हय का? आपुन उगाच म्हणून राह्यलो होतो एवढे दिवस.”

काकूनं ओटीतला कापूस दाबून बसवला. “बरं झालं वं ज्योते, सांगतलं,” ती म्हणाली. “आमी अडाणी. आमाले काय समजते?”

मला तर तेव्हा पेपर तपासून बाजूला ठेवल्याचं समाधान वाटलं होतं. गणिताची मास्तरीण मी नंतर झाले, दुरुस्तीची खोड आधीपासूनची.

काकू त्यानंतरही गायची, नाही असं नाही. पण ‘वाट पाह्यते धुरा’ आलं की तिसऱ्या कडव्यापाशी गप्प व्हायची. बरोबर तिथंच, जिथं कार्डातलं गाणं तुटायचं. बाकीच्या जणी क्षणभर तिची वाट पाहायच्या, मग कुणीतरी खाकरायचं, कुणीतरी दुसरं गाणं काढायचं. मला ते बऱ्याच उशिरा ध्यानात आलं. आणि त्याहून उशिरा एकदा लता वहिनीनं सहज सांगितलं की ती लाल थैली मंगलची होती. मंगल म्हणजे काकूची एकुलती लेक. सुरतेला दिली. जाताना लाल थैली घेऊन नांदुऱ्याहून गाडीत बसली, आणि मग दोन-दोन, तीन-तीन वर्षांत एखादा आठवडा यायची. हे सगळं मला माहीत नव्हतं का? मंगल माझ्याबरोबर वाढली. तिला गाडीत बसवायला मीच तर गेले होते, थैलीचा एक बंद माझ्याच हातात होता. तरी ते कडवं ऐकताना मला थैली दिसली नाही. चूक तेवढी दिसली.

“काकू, म्हण नं ते कडवं,” मी नंतर किती वेळा म्हटलं.

“कोणतं?”

“तुझं.”

“माहं कुठचं आलं? तूच तं सांगतलं, ते गाण्यात नाही म्हून.”

रागानं नाही हो, अगदी सरळ म्हणायची. शिकलेल्या पोरीनं सांगितलेलं तिनं मानलं होतं, एवढंच. 

*

तर ते आठवं गाणं मी शाळा सुटल्यावर नांदुऱ्याच्या फलाटावर बसून ऐकलं. घरी मुलांचा दंगा असतो, आणि फलाटावर एकट्या बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. गाडीची वाट पाहते आहे असं समजतात. समोरच्या रुळावरून एक लांबलचक मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर मी गाणं लावलं.

पहिलं कडवं. तेच शब्द, पण आता या खालच्या, खरखरीत आवाजात. जणू गाणं म्हणणारीच धुरा झाली होती. दुसरं. तिसरं. मी दोन्ही मुठी आवळून चौथ्याची वाट पाहत होते, त्या नांगरून टाकलेल्या धुऱ्याची. आणि सगुणा गप्प झाली. नुसतं डफडं. एक ओळ गेली, दुसरी गेली, डफडं आपलं संथ वाजतंय. मग एकदम धृपद आलं आणि गाणं संपलं.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? पुन्हा तुटकं भरलं मेल्यानं! मी गाणं काढलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा लावलं. तेच. मग चष्मा वर करून मी गाण्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं. सगुणानं लिहिलं होतं: ‘हे गाणं घेऊन मी जिथं जिथं गेले, तिथं लोकांनी मला त्याचा शेवट आपापला म्हणून दाखवला. मी लिहिलेला शेवट मी काढून टाकला आहे. तिथं जागा ठेवली आहे.’

मी उठून उभी राहिले. बसवेचना. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा पिशवी सावरत उठले. “गाडी आली का वं?”

“नाही बाबा,” मी म्हटलं, “गाणं आलं.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पिशवी घेऊन जरा पलीकडे जाऊन बसले. त्यांचं बरोबरच होतं. मी हसतही होते, रडतही होते, आणि मनातल्या मनात रविवारपर्यंतचे तास मोजत होते.

रविवारी काकाच्या शेतात पहिला वेचा होता. मी नवऱ्याचा स्पीकर पिशवीत घातला आणि सकाळीच गाव गाठलं. सीतादही नुकतीच झाली होती. पराटीच्या बुंध्याशी दहीभात, उकललेल्या बोंडावर हळदीचं बोट. दव अजून वाळलं नव्हतं. काकू आता साठीच्या पुढं गेली, गुडघे धरून उठते, पण ओटी बांधली की तिचे हात अजूनही दोन झाडं पुढं असतात.

“ज्योते, आली का वं? अन् हा कायचा डबा आणला?”

“स्पीकर हाय काकू. सगुणानं नवी गाणी काढली.”

“जित्ती हाय का ते? बरं झालं.”

मी ओटी बांधली, तिच्या शेजारचा तास धरला आणि अल्बम पहिल्यापासून लावला. स्कूटीच्या गाण्याला लता वहिनी हसता हसता तासातच खाली बसली, कारण गेल्या वर्षी तिच्याही सुनेनं गाडी तशीच उकिरड्यात घातली होती.  “आवाज बसला वं तिचा,” काकू म्हणाली, आणि थोड्या वेळानं, “पन असाच बरा वाट्टे.” मी बोटं टोचून घेत, बायकांच्या मागं पडत, आठव्या गाण्याची वाट पाहत होते. नववीला गणित शिकवणारी बाई, आणि वेचलेला कापूस ओटीऐवजी खालीच टाकत होते.

आठवं लागलं. बायकांनी ओळखलं, दोघी-तिघी गुणगुणायलाही लागल्या. तिसरं कडवं संपलं. डफडं वाजू लागलं. मी काकूकडे पाहिलं. ती वेचत होती. ओळ गेली. दुसरी गेली. कुणीच काही म्हणालं नाही. धृपद आलं, गाणं संपलं.

“हे घ्या!” काकू म्हणाली. “आताबी तुटलेलंच भरून आणलं का?”

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. “तुटलं नाही काकू. तिनं जागा ठेवली. ज्याचं त्यानं कडवं म्हणाचं म्हून.” आणि मी मोबाइल काढून ते बारीक अक्षरातलं सगळ्यांना वाचून दाखवलं.

काकूचे हात पहिल्यांदा थांबले. “मंग तिचं कुठी गेलं? तू आयकवलं होतं नं आमाले, ते खरं?”

“तिनंच काढून टाकलं.”

“काऊन? चांगलं होतं.”

“चांगलं होतंच. पन तिले आता ते नाही ठेवाचं.” मग जे इतकी वर्षं म्हणायचं राहिलं होतं ते मी म्हणून टाकलं. “काकू, त्या दिवशी माहं चुकलं. मी तुले तसं म्हणायले नोको होतं.”

 एका झाडावरची तीन बोंडं काकूनं सावकाश रिकामी केली. चौथं किडकं, कवडी निघालं, ते तोडून धुऱ्याकडे फेकलं. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “लाव बरं पुन्हा.”

मी लावलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. डफडं सुरू झालं आणि माझ्या डाव्या हाताला, एका झाडाच्या अंतरावर, तो आवाज उठला. थोडा कापरा, पण चालीत पक्का. “आली आली लेक माही, हाती लाल थैली...” लता वहिनीनं दुसरी ओळ उचलली, मग सगळ्यांनी. लेक खाली बसली, पाणी प्याली, म्हाताऱ्या धुऱ्यासंगं भाकर खाल्ली. कडवं संपलं, असं आम्हाला वाटलं. बायका थांबल्या. काकू थांबली नाही.

थैलीमंधी काय आणलं, दाखव माह्ये बाई,
रिकामीच आणली, माय, भरून न्याची घाई!

तासातासांतून हशा उठला. हे तर कुणीच कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं ती गप्प होती, म्हणजे नुसती गप्प नव्हती तर! आणि नेमक्या त्याच वेळी डफड्याची जागा संपली आणि स्पीकरमधून सगुणानं धृपद घेतलं.

काकूनं कापसानं भरलेली मूठ स्पीकरकडे उगारली. “ज्योते, थांबव वं तिले,” ती म्हणाली. “माहं नाही झालं अजून.”

मी सगुणाला तिच्या ओळीच्या मधोमध थांबवलं. काकूनं पुढच्या झाडाला हात घातला आणि पुढची ओळ घेतली.